उल्हास नदीच्या मुखावरील युद्ध

बोरघाटाच्या डोंगरांत उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर अशी वळणे घेत, अंबरनाथ-उल्हासनगरच्या कडेने कल्याणास येणारी उल्हास नदी तेथे काळू आणि भातसा यांचे पाणी पोटात घेते, आणि ठाण्यापाशी पोचेपर्यंत ती नदी राहत नाही, खाडी होते. तिचा एक फाटा वसईकडे समुद्रास मिळतो, दुसरा ठाण्याच्या खाडीस. आणि या दोहोंच्या कवेत पश्चिमेच्या समुद्रापर्यंत पसरलेले जे बेट, ते साष्टी. आज लोकलगाडीतून कळव्याचा पूल ओलांडताना आपण एका बेटावर प्रवेश करीत आहोत याची जाणीव बदलापूर-अंबरनाथच्या नोकरदारास सहसा होत नाही. परंतु १७३७ साली, जेव्हा तेथे पूल नव्हता आणि पलीकडच्या तीरावर फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, तोफा होत्या, तेव्हा हेच अंतर मराठी फौजेस एखाद्या घाटाहून दुर्घट वाटले असले पाहिजे.

छावणी या नदीकाठास परकी नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी संसार मांडले, १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले, आणि तेथील पत्ते अद्याप कॅंपच्या क्रमांकांनी सांगितले जातात. त्या छावणीच्या सुमारे दोनशे वर्षे आधी याच नदीच्या आधाराने मराठ्यांची वसईवरील जी मोहीम चालली, तिचा मला येथे परिचय करून द्यावयाचा आहे. विशेषतः तिच्यातील त्या विद्येचा, जी घोडदळावर वाढलेल्या फौजेने चिखलात, पाण्यात आणि वाळूत उभी राहून हस्तगत केली.

मराठ्यांचे सामर्थ्य घोड्याच्या टापेत होते. दिवसाकाठी मजल दरमजल करून शत्रूस अनपेक्षित ठिकाणी गाठावे, रसद तोडावी आणि गनीम भानावर येण्यापूर्वी निघून जावे, ही त्यांची रीत. बेटावर या रीतीचा उपयोग शून्य. तेथे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाळावे लागते. उधाणाची मोठी भरती कधी आणि भांगाची लहान भरती कधी, कोणत्या ठिकाणी तळाशी खडक आहे आणि कोठे माणूस कमरेपर्यंत रुतेल, हे ज्याला ठाऊक तोच सरदार. हे ज्ञान पुण्यास नव्हते. ते खाडीकाठच्या रहिवाशांजवळ होते, आणि त्यांच्यापैकी भिवंडीनजीकच्या अंजूर गावचे नाईक बंधू, ज्यांत गंगाजी नाईक प्रमुख, यांनी फिरंगी अमलातील धर्मच्छळाची दाद पेशव्यांकडे लावून धरली आणि मोहिमेच्या सिद्धतेत मोठा भाग घेतला. कोणत्याही बेटावरील स्वारीचे यश पहिले पाऊल ठेवण्यापूर्वीच निम्मे ठरलेले असते, आणि ते असे स्थानिक माणसाच्या माहितीवर ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्च १७३७ च्या अखेरीस रात्रीच्या अंधारात होड्यांतून मराठे साष्टीस उतरले. ठाण्याच्या किल्ल्याचे बांधकाम अद्याप पुरे झाले नव्हते. तो पडला, आणि फिरंगी सेनापती लुईस बोतेल्यू उरणजवळच्या करंज्याकडे निघून गेला. त्याच सुमारास शंकराजी केशव फडके यांच्या तुकडीने वैतरणेच्या मुखावरील अर्नाळा घेतला, जो स्वतः एक लहानसे बेटच आहे. परंतु फिरंग्यांचे मुख्य ठाणे वसई राहिली. १७३८ च्या अखेरीस फिरंगी सरदार पेद्रू द मेलू याने ठाणे परत घेण्यासाठी आरमारासह चाल केली, तीत तो मारला गेला. त्यानंतर पेशवे बाजीरावांचे धाकटे बंधू आणि मोहिमेचे प्रमुख चिमाजी आप्पांनी सर्व बळ एकवटून केळवे-माहीम, तारापूर, वेसावे, भाईंदरजवळची धारावी अशी ठाणी एकामागून एक उचलली आणि १७३९ च्या फेब्रुवारीत वसईस मोर्चे लावले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीमराव रेठरेकर पडले. अशी मोलाची माणसे या मोहिमेने पुष्कळ घेतली.

वसईचा किल्ला दोन बाजूंनी पाण्याने आणि एका बाजूने दलदलीने राखलेला. जमिनीचा मार्ग काय तो उत्तरेस, आणि ती जमीन वाळूची. येथे तलवारबहाद्दराचे काम संपते आणि बेलदाराचे सुरू होते. तटावरून गोळ्यांचा आणि पेटत्या दारूचा वर्षाव होत असताना मोर्चा हाता-हाताने पुढे सरकवावयाचा. बुरुजाच्या पायाशी पोचल्यावर भुयार खणावयाचे, आणि वाळू ढासळू नये म्हणून त्यास आतून आधार द्यावयाचा. दारू भरावयाची, वात बाहेर आणावयाची आणि तोंड दगडमातीने असे घट्ट बंद करावयाचे की स्फोटाचा जोर मागे न येता वर तटात जावा. यातील कोणतेही काम घाईने होत नाही, आणि घाई तर होतीच. दिल्लीस नादिरशहा येऊन बसला होता, बाजीरावांना उत्तरेसाठी फौज हवी होती, आणि मृगापूर्वी वसई न आली तर पावसाळ्यात वाळूतले मोर्चे वाहून जाणार हे उघड होते.

मे महिन्याच्या आरंभी सेंट सेबॅस्टियन बुरुजाखालील सुरुंगांना बत्ती दिली गेली. काही उडाले, खिंडार पडले, मराठे त्यात घुसले. आणि जो सुरुंग आधी उडाला नव्हता तो मागाहून, आपलीच माणसे वर असताना, उडाला. अशा प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी त्याच खिंडाराकडे पुन्हा चालून जाणे हे मला या सबंध मोहिमेतील सर्वांत कठीण कर्म वाटते. ते त्यांनी केले. मराठी बाजूच्याच हिशेबाप्रमाणे जखमी आणि मृत मिळून पाच हजारांवर माणसांची हानी झाली.

त्यानंतर फिरंगी शरण आले, आणि जो तह झाला तो विजेत्यास शोभणारा होता. फिरंगी शिबंदीस शस्त्रांसह, निशाण फडकवीत आणि नगारे वाजवीत बाहेर पडण्याची मुभा, कुटुंबकबिला व चीजवस्त नेण्यास आठ दिवसांची मुदत, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक. ज्या छळाच्या फिर्यादीवरून युद्ध उभे राहिले, त्याची परतफेड छळाने झाली नाही, हे मी चिमाजी आप्पांच्या पराक्रमाहूनही वरचे मानतो. चर्चमधील घंटा मात्र देशावर गेल्या. त्यांतील एक भीमाशंकरास आजही पाहावयास मिळते. ठाण्याच्या त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे.

गोविंद सखाराम सरदेसायांनी संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांत या मोहिमेचे कागद छापलेले आहेत, आणि य. न. केळकरांचे ‘वसईची मोहीम’ हे पुस्तक आहे. त्यांत सरदारांची नावे भरपूर सापडतात. भुयार खणणाऱ्या बेलदारांची आणि होड्या वल्हवणाऱ्या कोळ्यांची फारशी सापडत नाहीत. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर आणि भिवंडी या टापूतील जुन्या वतनदार घराण्यांत मोडी कागदांचे रुमाल अद्याप माळ्यावर पडून असण्याचा पुष्कळ संभव आहे. ज्यांच्या घरी असे रुमाल असतील त्यांनी ते वाळवीच्या किंवा रद्दीवाल्याच्या हवाली न करता पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळास एकदा दाखवावेत, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.