विक्रम एका हंगामावर असताना निवृत्ती : बॅरी सँडर्स यांची अनोखी कारकीर्द

अमेरिकी फुटबॉलमधील विख्यात खेळाडू बॅरी सँडर्स यांनी जुलै १९९९ मध्ये विचिटा या आपल्या जन्मगावातील वृत्तपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती जाहीर केली. नुकतीच वयाची ३१ वर्षे पूर्ण केलेले सँडर्स तंदुरुस्त होते आणि धावांच्या अंतराचा सर्वकालीन विक्रम त्यांच्यापासून अवघ्या १,४५७ यार्डांवर होता.

या खेळात ‘रनिंग बॅक’ चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीतून वाट काढतो. त्याने कापलेले अंतर यार्डांत मोजले जाते. एक यार्ड म्हणजे सुमारे ०.९१ मीटर. धिप्पाड खेळाडूंच्या सततच्या धडकांमुळे या स्थानावरील कारकीर्द सहसा अल्पजीवी ठरते.

सँडर्स यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी कॅन्सस राज्यात झाला. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. मात्र क्षणार्धात दिशा बदलण्याचे त्यांचे कसब विलक्षण होते. १९८८ मध्ये ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून एकाच हंगामात २,६२८ यार्ड धावून त्यांनी महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च ‘हाइजमन’ करंडक पटकावला. पुढील वर्षी ते डेट्रॉइट लायन्स संघात दाखल झाले.

विक्रमांविषयीची त्यांची अलिप्तता पहिल्याच हंगामात दिसली. अखेरच्या सामन्यात लीगमधील अव्वल धावपटूचा मान अवघ्या १० यार्डांवर असताना, संघाचा विजय निश्चित झाल्याने त्यांनी पुन्हा मैदानात उतरण्यास नकार दिला. १९९७ मध्ये त्यांनी २,०५३ यार्डांची मजल मारली. एका हंगामात २,००० यार्डांचा टप्पा ओलांडणारे ते तिसरे खेळाडू ठरले.

वैयक्तिक यशाला सांघिक यशाची जोड मात्र लाभली नाही. दहा हंगामांत डेट्रॉइटला बाद फेरीचा एकच सामना जिंकता आला. १९९८ मध्ये सँडर्स यांनी १,४९१ यार्डांची कमाई केली. संघाने मात्र १६ पैकी ११ सामने गमावले. तशाच आणखी एका हंगामात वॉल्टर पेटन यांचा १६,७२६ यार्डांचा विक्रम मोडला असता. तरीही, खेळण्यापेक्षा खेळ सोडण्याची इच्छा अधिक प्रबळ असल्याचे सांगून ते १५,२६९ यार्डांवर थांबले. संघाच्या सततच्या अपयशाने खेळातील उमेद संपल्याचे त्यांनी २००३ मधील आत्मचरित्रात स्पष्ट केले.

या निर्णयाची किंमतही त्यांना मोजावी लागली. करारापोटी मिळालेल्या बोनसचा काही भाग संघाला परत करण्याचा आदेश लवादाने दिला. पेटन यांचा विक्रम २००२ मध्ये डॅलसच्या एमिट स्मिथ यांनी मोडला.

काळाच्या ओघात डेट्रॉइटमधील नाराजी निवळली. २००४ मध्ये सँडर्स यांचा व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये लायन्सच्या फोर्ड फील्ड मैदानाबाहेर त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. विक्रम दुसऱ्याच्या नावावर असला, तरी डेट्रॉइटच्या चाहत्यांच्या मनातील सँडर्स यांचे स्थान अढळ राहिले आहे.