गाडी उचक्या देतेय? आधी प्लग बघा!

जुनी मारुती ८०० चोक ओढल्यावर सुरू तर होते, पण सिग्नलला थांबली की हीव भरल्यासारखी थरथरते. गॅरेजवाले काका बॉनेट उघडण्याआधी नुसता कान देतात आणि निकाल सांगतात, "मिसिंग करतेय. तीनपैकी दोनवरच चाललीय." मग चालू इंजिनात, रबरी मुठीच्या पकडीने, एकेका प्लगची टोपी क्षणभर उचलून बघतात. पहिली उचलली, इंजिन लडखडलं. दुसरी उचलली, पुन्हा लडखडलं. तिसरी उचलली आणि काहीच झालं नाही. "हा बघा कामचुकार!" ज्याच्या असण्या-नसण्याने फरक पडत नाही, तो सिलिंडर बंद. (हा प्रयोग घरी नको. का, ते पुढे येतंच आहे.)

बोटाएवढ्या लांबीची ही वस्तू, स्पार्क प्लग. पण हिच्या पोटात इतक्या गमती आहेत की प्लग बदलता बदलता दोन कप चहा संपावा.

सेकंदाला पंचवीस ठिणग्या

चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक प्लग एकदा ठिणगी टाकतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला १५०० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला २५. याच वेगाने तीन तासांत मुंबईहून पुणं गाठलं, तर एका प्लगने २ लाख ७० हजार ठिणग्या टाकलेल्या असतात. तिन्ही प्लगची बेरीज आठ लाखांच्या पुढे. एवढ्या कामात शंभरातली एखादी चुकली, तरी आपण लगेच म्हणतो, "गाडी उचक्या देतेय!"

बाराचे वीस हजार

बॅटरी १२ व्होल्टची, पण दाबलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला साधारण १५ ते २५ हजार व्होल्ट लागतात. ही करामत इग्निशन कॉइलची. आपल्या घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात, म्हणजे प्लगच्या वायरीत त्याच्या साधारण साठ ते शंभरपट दाब असतो. म्हणून चालू इंजिनात उघड्या हाताने वायर ओढणाऱ्याला जो झटका बसतो, तो त्याच्या कायमचा लक्षात राहतो.

पहिली दुरुस्ती मोज्याच्या पट्ट्याने

ऑगस्ट १८८८. कार्ल बेन्झ यांच्या पत्नी बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याच्या तीनचाकी मोटारीतून माहेरी निघाल्या. मानहाइम ते फोर्ट्सहाइम, शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. इग्निशनची वायर उघडी पडली, तिच्यावर आवरण म्हणून मोजे धरून ठेवायचा पट्टा वापरला. म्हणजे मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आणि इग्निशनचा पहिला जुगाड, दोन्ही एकाच बाईंच्या नावावर.

प्लगच्या अंगात माणिक

प्लगचा पांढराशुभ्र भाग चिनी मातीचा वाटतो, पण आजच्या प्लगमध्ये तो मुख्यतः ॲल्युमिनाचा असतो. याच ॲल्युमिनाच्या स्फटिकात क्रोमियमचा अंश मिसळला की माणिक होतं, लोह आणि टायटॅनियम मिसळलं की नीलम. शनीची पीडा टळावी म्हणून बोटात घालतो त्या खड्याचा सख्खा भाऊ बॉनेटखाली विजेला अडवून बसलेला असतो. त्याच्या अंगावरच्या वळ्या शोभेच्या नाहीत. विजेला पृष्ठभागावरून पळून जाता येऊ नये म्हणून त्या तिची वाट लांबवतात.

कपबशी, कमोड आणि प्लग

'एनजीके' म्हणजे निप्पॉन गाइशी काइशा. गाइशी म्हणजे विजेच्या खांबावरचा इन्सुलेटर. मूळ घराणं चिनी मातीच्या भांड्यांचं. नोरिटाके (१९०४) कपबश्या करणारी, टोटो (१९१७) कमोड आणि बेसिन करणारी, मग इन्सुलेटर करणारी एनजीके (१९१९) आणि तिच्यातून निघालेली प्लगची कंपनी (१९३६). कपबशी, कमोड आणि प्लग या तिघांचं कुलदैवत एकच: भट्टी.

आडनाव गेलं, आद्याक्षरं उरली

अल्बेर शँपियाँ हा फ्रेंच सायकलपटू. १८९९ ची पॅरिस-रुबे शर्यत त्याने जिंकली. पुढे अमेरिकेत जाऊन स्वतःच्या नावाने कंपनी काढली, पण भागीदारांशी फाटलं आणि 'चॅम्पियन' हे नाव तिकडेच राहिलं. मग त्याने स्वतःची आद्याक्षरं घेतली आणि 'एसी' हा ब्रँड जन्माला आला. दुकानात एकमेकांशी स्पर्धा करणारे चॅम्पियन आणि एसी हे दोन्ही प्लग एकाच माणसाच्या नावाचे! चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांची दिशादर्शक यंत्रणा बनवण्याचं काम १९६२ मध्ये मिळालं, तेही जनरल मोटर्सच्या याच एसी स्पार्क प्लग विभागाला.

नाशिकचं मायको सर्कल

१९०२ मध्ये बॉशचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी उच्चदाबाचा मॅग्नेटो आणि प्लग यांची जोडी जमवली आणि गाडीची इग्निशन भरवशाची झाली. भारतात बॉशच्या उत्पादनाची पायाभरणी झाली १९५१ मध्ये, बंगळुरूला, 'मोटर इंडस्ट्रीज कंपनी' म्हणून. तीच मायको. आपल्याकडे एका पिढीसाठी प्लग म्हणजे 'मायकोचा प्लग'. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, पण नाशिककरांच्या तोंडी मायको सर्कल आहे तसंच आहे. गंमत अशी, की नाशिकचा कारखाना नावाजला तो डिझेलच्या नोझल आणि इंजेक्टरसाठी. आणि डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागतच नाही! तिथे हवाच इतकी दाबली जाते, की इंधन आपोआप पेटतं.

सातचा प्लग द्या! कुणाचा सात?

आता कामाची गोष्ट. प्लगवरचा कोड म्हणजे त्याची जन्मपत्रिका. उदाहरणार्थ, एनजीकेचा 'बीपीआर६ईएस'. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, पी म्हणजे टोक पुढे आलेलं, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ म्हणजे उष्णतेचा क्रमांक, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर आणि एस म्हणजे साधा, तांब्याच्या गाभ्याचा.

घोळ होतो तो उष्णतेच्या आकड्यात. 'गरम' प्लग म्हणजे जास्त गरम ठिणगी नव्हे. टोकाची उष्णता जो सावकाश सोडतो तो गरम, भराभर सोडतो तो थंड. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की प्लग गरम! एनजीकेचा ६ म्हणजे साधारण बॉशचा ७ आणि डेन्सोचा २०. एनजीकेचा ७ हवा असताना दुकानदाराने बॉशचा ७ काढून दिला, तर तुम्ही एक पायरी गरम प्लग घेऊन घरी येता. म्हणून नुसता आकडा सांगू नका, ब्रँडसकट पूर्ण कोड सांगा.

आट्यांची लांबी चुकली तर प्रकरण आणखी महागात जातं. लांब प्लग पिस्टनला टेकू शकतो. आखूड प्लग भोकातच दडून बसतो, ठिणगी कोपऱ्यात पडते आणि उरलेल्या आट्यांवर काजळी साचते.

इंजिनाची जीभ

डॉक्टर जीभ बघतात, मेकॅनिक प्लग बघतो. काका प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने, ज्या सिलिंडरचा त्याच क्रमाने मांडतात.

– टोक बिस्किटाच्या रंगाचं: तब्येत उत्तम.
– कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त जातंय, चोक अर्धवट ओढलेला राहतोय किंवा एअर फिल्टर तुंबलाय.
– काळं आणि तेलकट: ऑइल वर चढतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील बघा. नवा प्लग हे इथे औषध नव्हे, पट्टी आहे.
– पेट्रोलने ओला: ठिणगीच पडत नाहीये.
– पांढराफटक, फोड आलेला: इंजिन तापतंय किंवा पेट्रोल कमी पडतंय. हे काजळीपेक्षा गंभीर.

आणखी एक. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापलं की आपली काजळी आपणच जाळतं. साडेआठशेच्या पुढे गेलं, तर ठिणगीची वाट न बघता स्वतःच पेट्रोल पेटवू लागण्याचा धोका. गाडी रोज फक्त मंडईपर्यंत जाऊन येत असेल, तर प्लग धड तापतच नाहीत आणि काजळी साठत जाते. आठवड्यातून एकदा तिला मोकळ्या रस्त्यावर तासभर पळवा. तब्येतीला बरं, तिच्याही आणि तुमच्याही.

हॅक्सॉ ब्लेडचं मोजमाप

प्लगच्या दोन टोकांतली फट म्हणजे गॅप. कॉइलची वीज उघड-झाप करणाऱ्या 'प्लॅटिनम पॉइंट'च्या जुन्या गाड्यांमध्ये ती बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते. ती मोजायला फीलर गेज असतो. पण जुने कारागीर लोखंड कापायची हॅक्सॉ ब्लेड फटीत घालतात आणि मान डोलावतात. हसू नका. हातकरवतीच्या ब्लेडची जाडी साधारण ०.६३ मिलिमीटर भरते. अंदाज वाटतो, पण हिशेब पक्का आहे. मात्र तुमच्या गाडीची गॅप ०.८ असेल तर ब्लेड बाजूला ठेवा आणि गेज घ्या.

वापराने टोकं झिजतात आणि फट वाढते. पेट्रोलवर हे काही दिवस खपून जातं. सीएनजीला ठिणगीचा जोर जास्त लागतो, त्यामुळे तिथे लगेच मिसिंग सुरू. सीएनजीवरच्या पद्मिनी टॅक्सीवाल्यांना हे कुणी शिकवावं लागत नसे. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

इरिडियम, डायनोसॉर आणि सह्याद्री

साध्या प्लगच्या मधल्या टोकाची जाडी सुमारे अडीच मिलिमीटर, इरिडियमची ०.४ ते ०.६. टोक बारीक असलं की ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते. निकेल १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम सुमारे २४५० ला. त्यामुळे साधा प्लग २०-३० हजार किलोमीटर चालला, तर इरिडियमचा लाखभर जाऊ शकतो. आणि 'कॉपर प्लग'चं टोक तांब्याचं नसतंच. तांबं आत, बाहेर निकेलचा मिश्रधातू.

पृथ्वीच्या कवचात इरिडियम फार दुर्मीळ, अशनींमध्ये बरंच जास्त. १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या मातीच्या थरात सापडलेल्या इरिडियमवरून सांगितलं, की अशनी आदळला आणि डायनोसॉर संपले. त्याच काळात आपल्याकडे दख्खनच्या पठाराचा लाव्हा वाहत होता, ज्याचा आजचा सह्याद्री झाला. घात अशनीने केला की लाव्हाने, हा वाद अजून चालू आहे. घाटात गाडी चढवताना एवढं आठवा: पुरावा बॉनेटखाली, दुसरा संशयित चाकांखाली.

जुन्या गाडीला इरिडियम घालावा का? चालतो, पण चमत्काराची अपेक्षा नको. इंजिन ऑइल खात असेल, तर महागडा प्लगही तितकाच काळा होतो.

विविध भारतीतली खरखर

प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ प्रक्षेपण. सुरुवातीचे बिनतारी संदेश ठिणग्यांनीच पाठवले जात. म्हणून जुन्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की गाण्याबरोबर खरखरही वाढायची. यावर उपाय म्हणून प्लगच्या आत साधारण पाच हजार ओहमचा रेझिस्टर आला. कोडमधला 'आर' तो हाच.

चार सिलिंडर, आठ प्लग

२००३ ची होंडा सिटी आय-डीएसआय घेतली असेल, तर प्लग मोजा: चार सिलिंडरना आठ! मागच्या चारांपर्यंत हात पोचणं अवघड, म्हणून पुढचे चारच बदलून 'सगळे बदलले' असं ऐकायला मिळू शकतं. काढलेले जुने प्लग मागून घ्या आणि मोजा. त्याच वर्षी आपल्या पुण्याच्या बजाजने पल्सरच्या एका सिलिंडरला दोन प्लग दिले होते.

बदलताना

इंजिन थंड होऊ द्या. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढला, तर आटेही सोबत यायचा धोका. टोपी धरून ओढा, वायर धरून नाही. प्लगभोवतीची माती फुंकून काढा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. एक काढा, एक बसवा. सगळ्या वायरी एकदम काढल्या, की पद्मिनीचा १-३-४-२ हा ठिणग्यांचा क्रम आठवत बसावं लागतं.

नवा प्लग आधी हातानेच फिरवा, पाना नंतर. हात पोचत नसेल तर रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर घाला आणि फिरवा. आटे तिरके बसले तर नळी घसरते, नुकसान टळतं. हाताने पूर्ण बसला की पाना लावा आणि घड्याळाचा काटा डोळ्यांपुढे आणा. वॉशरचा नवा प्लग बारापासून सहा ते आठपर्यंत. तोच जुना प्लग परत बसवत असाल, तर बारापासून फक्त एकपर्यंत. "अजून थोडा" या दोन शब्दांनी जितके आटे गेलेत, तितके गंजानेही गेले नसतील.

आता एक काम आजच करा. गाडीचं मॅन्युअल काढा, त्यातला प्लगचा पूर्ण कोड आणि गॅप एका चिठ्ठीवर लिहा आणि ती आरसी बुकच्या कव्हरमध्ये ठेवून द्या. पुढच्या वेळी दुकानात "जरा चांगल्यातला द्या" म्हणू नका, चिठ्ठी पुढे करा. जुन्या गाडीला महाग प्लग लागत नाही, बरोबर प्लग लागतो.