डर्ट बाईकची ताकद कमी, शर्यत जास्त रंगतदार!

परभणी जिल्ह्यातल्या बाईकप्रेमींनो, मातीवरची शर्यत फक्त इंजिनाच्या जोरावर जिंकता येत नाही!

450 सीसीची मोटोक्रॉस बाईक 50 हून जास्त अश्वशक्ती देते आणि तिचं वजन असतं साधारण 110 किलो. सैल मातीवर एवढी ताकद मागच्या चाकाला पेलत नाही. चाक नुसतं फिरतं, पुढचं उचललं जातं, उडीचा अंदाज चुकतो. शिवाय वेग ताशी 60 वरून 80 किलोमीटर झाला, की धडकेची ऊर्जा जवळपास पावणेदोन पट होते.

म्हणूनच जगभर मर्यादा आहेत:

🏁 डकार रॅलीत 2011 पासून बाईकसाठी 450 सीसीची कमाल मर्यादा.
🏁 डांबरी ट्रॅकवरच्या मोटोजीपीतही 2027 पासून इंजिन 1000 वरून 850 सीसीवर येणार.
🏁 आपल्या पुण्यात, बालेवाडीला 28 जानेवारी 2024 रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. तिथे 450, 250 आणि मुलांसाठी 85 सीसी असे वेगळे गट होते.

फक्त सीसी ठरवून भागत नाही, कारण एकाच सीसीत ट्यूनिंग करून ताकद वाढवता येते. इंजिनात जाणारी हवा कमी करणारा रिस्ट्रिक्टर बसवला, की सगळे जवळपास एका पातळीवर येतात. मग निकाल ठरतो वळणावरच्या कौशल्यावर आणि महागड्या बाईकचं महत्त्व कमी होतं.

नवशिक्यांनो, लहान इंजिनापासूनच सुरुवात करा. हेल्मेट, नी-गार्ड, बूट घाला आणि सराव रस्त्यावर नको, बंदिस्त ट्रॅकवरच करा!