शिष्यवृत्ती मंजूर, मेसची थकबाकी कायम

लेखमाला : कॉलेजचे कागद, भाग ७

गेल्या भागात आपण दाखल्यांच्या रांगेत उभे होतो. उत्पन्न, जात, जातवैधता, अधिवास. समजा, ते सगळं हाती आलं, महाडीबीटीवर अर्ज भरला आणि काही आठवड्यांनी अर्जापुढे 'मंजूर' असं दिसलं. मुलगी घरी फोन करून सांगते, झालं काम. वडील शेजाऱ्यालाही सांगतात. पण मंजुरी आणि पैसे यांच्यामध्ये जे महिने जातात, त्या महिन्यांतही माणसाला दोन वेळा जेवावं लागतं आणि एक तारीख आली की घरमालक दारात उभा राहतो. तो खर्च तोवर कोण उचलतं, एवढंच आज पाहायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शिष्यवृत्ती उशिरा येते तेव्हा तेवढे महिने विद्यार्थी सरकारला बिनव्याजी कर्ज देत असतो. त्याच्याजवळ तर काहीच नसतं, म्हणून तो ते दुसऱ्याकडून उचलतो. पुण्याच्या पेठांमध्ये हा दुसरा माणूस बहुतेक वेळा मेस चालवणारी एखादी बाई असते.

आकड्यांपासून सुरुवात करू. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. २०१६-१७ पासूनची. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर या शहरांसाठी ती सुरू झाली तेव्हा ठरलेली रक्कम वर्षाला ६०,००० रुपये : जेवणासाठी ३२,०००, राहण्यासाठी २०,००० आणि इतर निर्वाहासाठी ८,०००. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचं धरलं, तर राहायला महिन्याला २,००० आणि जेवायला ३,२०० पडतात. सदाशिव किंवा नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या कोणालाही विचारा, या २,००० मध्ये काय मिळतं ते. कॉट बेसिस म्हणजे एका खोलीत चार-पाच लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेचं भाडं वेगळं, आणि संडासासाठी सकाळी नंबर. शिवाय डिपॉझिट, शिवाय एजंट असेल तर त्याचं एका महिन्याचं भाडं. हे सगळं जून-जुलैमध्ये, रोख, एकदम. योजनेचा हप्ता मात्र प्रवेश झाल्यावर, अर्ज झाल्यावर, छाननी झाल्यावर आणि हजेरीचा दाखला गेल्यावर.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशीच स्वयम् योजना आहे आणि इतर मागासवर्गीयांसाठी आता ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. नावं निराळी असली तरी घडण तीच : खर्च आधी करा, पैसे मागून येतील. गरिबाच्या घरात नेमकं हेच जमत नसतं. जमत असतं तर योजना कशाला लागली असती?

जेवणाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण यावर एकदा चांगलाच वाद पेटला होता. २०१८ साली आदिवासी विकास विभागाने आपल्या वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकायचं ठरवलं. मोठ्या शहरांत महिना ३,५००, इतरत्र ३,०००. त्याविरुद्ध त्याच वर्षी जुलैमध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले आणि वाटेत पोलिसांनी त्यांना अडवलं. बाहेरून पाहणाऱ्याला तेव्हा आश्चर्य वाटलं. हातात पैसे मिळतायत तरी ही पोरं नको का म्हणतात?

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. ठेकेदाराच्या जेवणाबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी होत्या. पाण्यासारखी डाळ आणि करपलेल्या पोळ्या खाऊन आंदोलनं याच मुलांनी केली होती. पण वसतिगृह गावाबाहेर, जवळची मेस दोन-तीन किलोमीटरवर, खोलीत शेगडी लावायला मनाई. अशा ठिकाणी खात्यातल्या पैशांचं जेवण होईपर्यंत मधे बरंच काही घडावं लागतं. मुलींनी रात्री साडेआठला जेवायला बाहेर पडायचं आणि वसतिगृहाचं फाटक बंद व्हायच्या आत परत यायचं. महिन्याचे पैसे पहिल्या तारखेला आले नाहीत, तर मेसवाला कार्ड देत नाही. आणि घरी कोणी आजारी असेल, तर खात्यात आलेले ३,००० कुठे जातात हे सांगायची गरज नाही. ठेकेदार वाईट होता हे खरं, पण निदान त्याच्याकडे ताट रोज लागत होतं. मला विचाराल तर पैसे थेट द्यायला हरकत नाही, मात्र ते दर महिन्याच्या एक तारखेला, न चुकता. तेवढी खात्री नसेल तर मेस बंद करू नये.

याला आपल्याकडे जुना दाखला आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि पुढे निरनिराळ्या जातींची बोर्डिंगं निघाली, तेव्हा खोली आणि जेवण या दोन गोष्टी एकत्रच धरलेल्या होत्या. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं. मुलांच्या जेवणाला पैसे कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट आपण त्याग म्हणून शाळेत सांगतो आणि ती तशी आहेच. पण हिशेबाच्या अंगाने पाहिलं तर निधी येईपर्यंतची भर तेव्हाही कोणा बाईच्या दागिन्यांतून निघाली होती.

आजच्या मेसवाल्या काकू तेच छोट्या प्रमाणावर करतात. त्यांचं सगळं गणित महिन्याच्या आगाऊ कार्डावर चालतं. खाडा धरायचा असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, रविवारी दुपारी फीस्ट, रात्री सुट्टी. दहा मुलांनी 'काकू, स्कॉलरशिप आली की देतो' म्हटलं की ते गणित बिघडतं. किराणावाला महिनाभर थांबतो, सिलिंडर थांबत नाही. तरीही बऱ्याच काकू थांबतात. एकाही शासन निर्णयात त्यांचा उल्लेख नाही.

आता बँकेकडे वळू, कारण पैसे सुटूनही हातात न येण्याचा सगळ्यात चमत्कारिक प्रकार इथे होतो. 'माझं खातं आधारला लिंक आहे' असं प्रत्येक विद्यार्थी सांगतो आणि ते खोटंही नसतं. पण बँकेने तुमचा आधार क्रमांक नोंदवून घेणं वेगळं आणि सरकारी पैसे घेण्यासाठी तो एनपीसीआयच्या यादीत चढवणं वेगळं. दुसऱ्याला सीडिंग म्हणतात. त्या यादीत एका आधार क्रमांकापुढे एकच बँक असते, सगळ्यात शेवटी नोंदवलेली. पोस्टमनला तुमचे जुने पत्ते ठाऊक नसावेत आणि त्याने शेवटच्या पत्त्यावर पत्र टाकून निघून जावं, तसं. अर्जात तुम्ही गावाकडच्या बँकेचा खाते क्रमांक कितीही सुवाच्य लिहिलात तरी मधल्या काळात कुठे मोबाइलवरून दुसरं खातं उघडून संमतीच्या चौकटीत टिचकी मारली असेल, तर पैसे तिकडे जातात. विद्यार्थी गावाकडच्या पासबुकात एन्ट्री मारत बसतो. म्हणून अर्ज भरण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोम खात्याच्या प्रकारात असते. शाळेत असताना आईबरोबर काढलेलं खातं अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी मागतं. अपुऱ्या कागदांवर उघडलेल्या 'लहान खात्या'त वर्षाला एक लाखापेक्षा जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही. इंजिनीअरिंगची फी आणि निर्वाह भत्ता एकत्र आला की ही मर्यादा आडवी येऊ शकते. एक दिलासा आहे. शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्यांना व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय ठरवू नये, असं रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२४ पासून सांगितलेलं आहे. शाखेत हे माहीत नसेल तर नम्रपणे दाखवून द्या.

फीचं काय? अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात असतानाची. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने तिची नवी रचना मंजूर केली : केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के, आणि राज्याने आपला वाटा दिला की केंद्राचा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. हेतू चांगलाच होता, कारण बोगस विद्यार्थ्यांच्या नावावर पैसे लाटणाऱ्या संस्था देशात निघाल्या होत्या. परिणाम असा की कॉलेजची फी आता विद्यार्थ्याच्या खात्यातून फिरून कॉलेजात जाते. ती सात दिवसांत भरावी अशी अपेक्षा आहे. वडिलांचं पीककर्ज थकलेलं असताना मुलाच्या खात्यात एकदम चाळीस-पन्नास हजार दिसले, तर त्या सात दिवसांत घरात काय बोलणं होत असेल? कॉलेजलाही हे कळतं, म्हणून प्रवेशाच्या वेळीच हमीपत्र नाहीतर कोरा चेक मागून ठेवण्याची पद्धत पडली आहे, आणि परीक्षा आली की हॉल तिकिटाला हात लागतो.

अशा वेळी करायचं काय? प्रथम अर्ज कुठे अडला आहे ते पाहा. क्लार्कच्या लॉगिनला, प्राचार्यांच्या, की समाजकल्याणच्या. 'सेंड बॅक' झालेला असेल तर चेंडू तुमच्याकडेच आहे आणि बऱ्याचदा तो मेसेज वडिलांच्या मोबाइलवर न वाचलेला पडून असतो. कॉलेजच्या लॉगिनला अडला असेल तर तोंडी विचारत फिरू नका. खिडकीतल्या माणसाशी गोड बोलावं, पण अर्ज लेखी द्यावा, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पोच मागितली की खिडकीमागचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्यावरही हललं नाही तर यूजीसीच्या ११ एप्रिल २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. शिष्यवृत्तीतली दिरंगाई आणि मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणं या दोन्ही गोष्टी तिच्या कक्षेत येतात. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. लोकपाल नेमलेला आहे का, तेही विचारून घ्या. जून २०२४ मध्ये यूजीसीने तो न नेमणाऱ्या १५७ विद्यापीठांची यादीच जाहीर केली होती.

अर्ज समाजकल्याणकडे अडला असेल तर कॉलेजशी भांडण्यात अर्थ नाही. तिथे जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांच्या नावे, अर्ज क्रमांक घालून, आणि शक्यतो एकेकट्याने न जाता वर्गातल्या सगळ्या अडकलेल्यांची यादी जोडून अर्ज द्या. त्याची एक झेरॉक्स मेसवाल्या काकूंनाही दाखवा. निदान त्यांना तारीख तरी कळेल.

(पुढील भागात : निकाल 'राखीव' का राहतो, आणि गुणपत्रिकेवर आईचं नाव चुकलं तर काय करावं.)