शेतकऱ्याच्या घराची आखणी

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्याकडे बांधकामाचा खर्च व दगदग यांवरून पडली. परंतु खर्च एकदाच होतो. आखणीतील उणीव मात्र घरातील माणसांस तीस-चाळीस वर्षे सोसावी लागते. हल्ली खेडोपाडी पक्की घरे उभी राहत आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि यांपैकी पुष्कळ घरांचा नकाशा तालुक्याच्या गावी पाहिलेल्या एखाद्या बंगल्यावरून उचललेला असतो. दर्शनी भागी प्रशस्त बैठक असते; पण जोंधळ्याची पोती कोठे रचावयाची, फवारणीची औषधे कोठे ठेवावयाची, शेतातून आलेल्या माणसाने चिखलाचे पाय कोठे धुवावयाचे, याचा विचार त्यात नसतो. मग पोती शेजघरात जातात, औषधाची बाटली खिडकीत येते आणि चूल मागल्या दारी पत्र्याखाली मांडली जाते. शेतकऱ्याचे घर हे निवाऱ्याबरोबर शेतीच्या कामाचेही स्थान आहे. सबब त्याची आखणी दिखाव्यावरून न करता कामावरून केली पाहिजे.

जुन्या घरातील घेण्याजोगे व टाकण्याजोगे

आपल्या जुन्या घरांत एक क्रम होता. पाहुणा ओसरीवर बसे, धान्य माजघरालगतच्या कोरड्या खोलीत राही, आणि धूर व सांडपाणी परसाच्या बाजूस जाई. हा क्रम आजही पाळण्याजोगा आहे. मात्र जनावरे व माणसे एकाच छपराखाली ठेवणे, भिंतींना खिडक्या नसणे हे दोष सोडून दिले पाहिजेत. मराठवाड्यातील मातीच्या जड धाब्याविषयी तर वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती व त्यांवरील जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. म्हणून छप्पर शक्य तितके हलके असावे, दारे-खिडक्या भिंतीच्या कोपऱ्यापासून दूर असाव्यात, आणि त्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना बांधून घेणारा सलग सिमेंट-काँक्रीटचा पट्टा फिरवावा.

दिशा

घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवल्यास उन्हाळ्यातील तिसऱ्या प्रहरचे ऊन केवळ आखूड भिंतीवर पडते. त्या पश्चिमेच्या बाजूस जिना, न्हाणीघर किंवा सरपणाची पडवी घ्यावी, म्हणजे झोपण्याची खोली रात्री तापलेली राहत नाही.

धान्याची जागा

आपणांस वर्षाकाठी किती पोती घरात ठेवावी लागतात, हे प्रथम मोजावे. पन्नास किलोचे आडवे पोते साधारण सहा चौरस फूट जागा व्यापते. चाळीस पोती चार-चारच्या थरांनी रचली, तर साठ चौरस फूट लागतात. थप्पी भिंतीपासून दीड फूट दूर व लाकडी फळ्यांवर असावी. ती जागा आणि जाण्यायेण्याची वाट धरता सुमारे १३ फूट लांब व ९ फूट रुंद कोठी पुरेशी होते. पाठीवर पोते घेतलेला माणूस सहज जावा म्हणून तिचे दार साडेतीन फुटांचे ठेवावे. न्हाणीघराची भिंत कोठीस लागू देऊ नये. ओल धान्यात उतरते.

धान्य शेजघरात ठेवण्यात आणखी एक धोका आहे. धान्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. मण्यार रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसास तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून निजण्याची जागा व धान्याची जागा यांमध्ये पक्की भिंत असावी आणि सरपण व गोवऱ्यांचा ढीग घराच्या भिंतीला टेकलेला नसावा.

औषधे व फवारणी

कीटकनाशके घरात ठेवूच नयेत. मागील पडवीत, स्वयंपाकघर व वैरण यांपासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, कुलूप लागणारे एक कपाट भिंतीतच करून घ्यावे. न्हाणीघरास एक दार बाहेरून असावे. फवारणी करून आलेल्या माणसास त्यामुळे घरात पाऊल टाकण्यापूर्वी कपडे उतरवून अंग धुता येते. हे दुसरे दार नकाशात असल्यास त्यास फारसा खर्च येत नाही. मागाहून भिंत फोडून करणे महाग पडते.

चूल व पाणी

२०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे पुष्कळ घरी गॅस पोहोचला. तरी भाकरीसाठी व अंघोळीच्या पाण्यासाठी अनेक ठिकाणी चूल पेटतेच. तेव्हा चुलीची जागा आखणीतच धरावी, तीवर छपराच्या वर जाणारे धुराडे घ्यावे, आणि स्वयंपाकघरास दोन बाजूंनी हवा राहील असे पाहावे.

पाणी साठविण्याची जागा स्वयंपाकघरापासून पंचवीस फूट अधिक दूर गेली, तर काय होते ते पाहा. दिवसाच्या पंधरा खेपा धरल्या, तर जाऊन-येऊन रोजची चाल ७५० फुटांनी वाढते. वर्षात ही वाढीव चाल ८३ किलोमीटर होते, आणि ती बहुधा घरातील बाईच्या वाट्यास येते. शेतातील कामाची माणसे मोजताना आपण अर्ध्या दिवसाचाही हिशेब धरतो. घरातील कष्टांचाही हिशेब तसाच धरावयास हवा.

गोठा व शौचालय

गोठा वेगळ्या छपराखाली असावा. पावसाळ्यातील वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणून गोठा शक्यतो घराच्या पूर्वेस वा उत्तरेस घ्यावा. मोठ्या जनावरास साधारण ४० चौरस फूट छपराची जागा द्यावी व जमिनीस दर पाच फुटांस दीड इंच उतार ठेवावा. जनावरे चोरीस जातील या भीतीने ती घरात बांधली जातात. यासाठी शेजघराची एक खिडकी गोठ्याकडे ठेवावी, म्हणजे रात्री नजर राहते.

शौचालय दोन शोषखड्ड्यांचे असावे. एक भरला की दुसरा वापरात घ्यावा; भरलेला खड्डा किमान एक वर्ष तसाच बंद ठेवल्यास त्याचे निर्धोक सोनखत होते. हे खड्डे विहीर वा कूपनलिकेपासून निदान ३३ फूट दूर असावेत.

लहान घर असल्यास

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठरविलेले आहे. एवढ्यात स्वतंत्र कोठी बसत नाही. अशा वेळी पत्र्याच्या कणग्या वापराव्यात आणि पुढील खोली कोणत्या बाजूस वाढवावयाची हे आजच ठरवावे. त्या भिंतीत दाराची चौकट बसेल एवढी जागा माथ्यावरील तुळईसह सोडून ती तात्पुरती विटांनी बुजवावी. चार वर्षांनी हातात पैसा आला की घर न मोडता वाढविता येते.

पायापूर्वीचे एक काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एवढी गोष्ट अवश्य घडवून आणावी. पाया खणण्यापूर्वी मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीने घराचा पूर्ण मापाचा नकाशा आखावा. त्यात खरी बाज ठेवावी, पाच-सहा भरलेली पोती रचावीत, चुलीच्या जागी तीन दगड मांडावेत. नंतर घरातील स्त्रियांनी भरली घागर घेऊन आत-बाहेर करावे आणि पुरुषाने पाठीवर पोते घेऊन कोठीपर्यंत जावे. कोठे अडते, कोठे वळसा पडतो, हे तासाभरात कळून येते. गवंड्यास त्या वेळी हजर ठेवावे व घरातील बाईने सुचविलेला बदल त्याच्यासमोरच करावा. फक्कीची रेघ पायाने पुसून पुन्हा आखता येते; भिंतीचे तसे नाही.