उंबरठ्यावरची कविता

मैसूरहून हुणसूरमार्गे मडिकेरीकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत पिरियापट्टण लागते. भोवती तंबाखूची आणि नाचणीची शेते, आणि शेतातून परतलेली माणसे दिवेलागणीला घराकडे वळलेली. अशा साध्यासुध्या मुलखात कवितेला विषय तो कोणता सापडणार, अशी शंका एखाद्या शहरी वाचकाला येईल. या शंकेचे उत्तर याच जुन्या मैसूर राज्यातील एका सरकारी कारकुनाने फार पूर्वी देऊन ठेवले आहे.

त्यांचे नाव के. एस. नरसिंहस्वामी. नावातला ‘के.’ म्हणजे किक्केरी. आजच्या मंड्या जिल्ह्यातील या खेड्यात २६ जानेवारी १९१५ रोजी त्यांचा जन्म झाला. गावात होयसळ काळातील ब्रह्मेश्वराचे सुंदर देऊळ आहे. शिक्षणासाठी ते मैसूरला व बंगळूरला गेले. परंतु पदवी हाती येण्यापूर्वीच शिक्षण थांबले, कचेरीतील नोकरी पत्करावी लागली आणि निवृत्तीपर्यंत तीच करावी लागली. बेताचा पगार, वाढता संसार आणि दिवसभर कागदपत्रांचा सहवास! कवीला पोषक असे यात काहीच नव्हते, असे वरवर पाहता वाटेल.

पण १९४२ साली त्यांचा ‘मैसूर मल्लिगे’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. मल्लिगे म्हणजे जाई-मोगऱ्याच्या कुळातील, मैसूरच्या बायका आवडीने माळतात ते सुवासिक फूल. ते वर्ष कसे होते, हे आठवून पाहावे. जग महायुद्धात होरपळत होते आणि देशात ‘चले जाव’ची हाक उठली होती. अशा वेळी या तरुणाने लिहिले ते एका नवविवाहित जोडप्याविषयी. माहेरी गेलेल्या पत्नीचा निरोप घेऊन जावयाच्या दारी आलेला चेन्नय्या कासार. सासुरवाडीचा सारा पाहुणचार होत असताना, जिच्यासाठी आलो तीच दृष्टीस पडत नाही म्हणून खट्टू झालेले जावईबापू. शानभोगांची, म्हणजे गावच्या कुळकर्ण्यांची, लाडकी लेक. अशी माणसे त्या कवितांत वावरतात. त्यांत राजा नाही, युद्ध नाही, देवांचा अवतारही नाही. आहे तो केवळ घराचा उंबरठा आणि त्यावरून आत-बाहेर करणारी माणसे.

कन्नड वाचकांनी हा संग्रह डोक्यावर घेतला. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. पी. काळिंगराव, मैसूर अनंतस्वामी, सी. अश्वथ यांसारख्या गायकांच्या कंठांतून नरसिंहस्वामींच्या कविता घरोघर पोहोचल्या. आपल्याकडे भावगीताने जे केले, तेच तिकडे या गाण्यांनी केले. पुढे टी. एस. नागाभरण यांनी याच कवितांच्या आधारे चित्रपट काढला व त्यातील गीतांबद्दल कवीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मग टीका झाली नाही काय? अवश्य झाली. १९५० नंतर गोपालकृष्ण अडिगांच्या नेतृत्वाखाली कन्नडमध्ये नव्य काव्याचा प्रवाह जोरात आला. या गोड संसारचित्रांत आयुष्याची धग कोठे आहे, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. प्रश्न रास्त होता, कारण संसार म्हणजे केवळ फुलांचा गजरा नव्हे. त्यात महिनाअखेरची ओढाताण असते, आजारपण असते, अबोला असतो आणि वियोगही असतो. नरसिंहस्वामींनी या प्रश्नाकडे पाठ फिरविली नाही. १९५८ च्या ‘शिलालते’त त्यांचा सूर अधिक गंभीर झाला. पुढे ‘मनेयिंद मनेगे’ म्हणजे ‘घराकडून घराकडे’ हा संग्रह आला, आणि १९७७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो ‘तेरेद बागिलु’ म्हणजे ‘उघडे दार’ या संग्रहाला. सूर बदलला, वय वाढले. परंतु घर आणि दार काही सुटले नाही. डिसेंबर २००३ मध्ये त्यांचे निधन झाले.

मराठी वाचकाला येथे बहिणाबाई चौधरींची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी जन्मलेल्या या माउलीला अक्षरओळख नव्हती. तिशीतच वैधव्य आले, मुलांचा भार अंगावर पडला. तरी जात्यावर बसताना, शेतात राबताना त्यांच्या मुखातून ओव्या निघत राहिल्या. त्या टिपून घेतल्या गेल्या म्हणून टिकल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. मग पुत्र सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखविले, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्राच्या हाती आली. कागद घडीतच राहिले असते, तर आपण केवढ्या ठेव्याला मुकलो असतो!

एक कारकून, दुसरी शेतकरीण. एकाची भाषा कन्नड, दुसरीची खानदेशी लेवा बोली. दोघांची भेट झाली असण्याचा संभव नाही. तरीही दोघांचे सांगणे एकच दिसते: कवितेसाठी निराळे आयुष्य लागत नाही, आहे त्याच आयुष्याकडे निराळ्या नजरेने पाहावे लागते. हातातले काम चालू असतानाही ती नजर जागी ठेवता येते. मात्र त्या नजरेत खोटेपणा चालत नाही. सुख जेवढ्या आपुलकीने टिपावे, तेवढेच दुःखही प्रामाणिकपणे टिपले पाहिजे. नाहीतर घरगुती कविता नुसतीच गोडगोड होते.

आपल्याही घरात एखादी आजी कामाच्या नादात काही गुणगुणत असेल, एखादा मुलगा वहीच्या मागच्या पानावर चार ओळी खरडत असेल. त्याला हसू नये आणि तिला थांबवू नये. जमल्यास शेजारी बसून ऐकावे, आणि तारीख घालून लिहून ठेवावे. प्रत्येक घरातून कवी निघणार नाही हे खरे. पण निघालाच, तर तो ऐकणाऱ्याअभावी हरवू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.