कोऱ्या खिळ्यांचे काम

खिळे जुळवून छपाई करण्याचे दिवस आता जवळजवळ संपले आहेत. परंतु ज्यांनी जुन्या छापखान्यातील जुळाऱ्याला काम करताना पाहिले असेल, त्यांना एक गोष्ट आठवेल. अक्षरांच्या खिळ्यांबरोबर त्याच्या हाताशी काही कोरे खिळेही असत. कागदावर त्यांचा ठसा उमटत नसे. पण ते घातले नाहीत तर ओळ ढिली राही आणि सारा मजकूर विस्कटून जाई. संगणकाच्या पोटातही असेच कोरे खिळे असतात. ते कोण घालतो आणि कशासाठी, हे समजून घेण्यासारखे आहे.

संगणकाची स्मृती म्हणजे ओळीने क्रमांक दिलेल्या असंख्य कप्प्यांची रांग होय. एका कप्प्यात एक बाइट मावतो आणि कप्प्याचा क्रमांक हाच त्याचा पत्ता. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम प्रथम कंपायलर यंत्राला जवळच्या अशा भाषेत आणतो. मग असेम्ब्लर त्यातील एकेक आज्ञा अंकांत उतरवून कप्प्यांत ओळीने मांडतो. असेम्ब्लर हाच येथला जुळारी. जागा वाया जाऊ नये म्हणून त्याने एका आज्ञेला चिकटून दुसरी मांडावी, असे कोणालाही वाटेल. अडचण अशी की, यंत्र पुष्कळदा एकेक कप्पा वाचत नाही. ते एका वेळी दोन, चार किंवा सोळा कप्पे उचलते, आणि या गठ्ठ्यांच्या सीमा ठरलेल्या असतात.

याचे उदाहरण इंदूर शहरातच आहे. येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात २००५ साली इंडस-२ हे यंत्र कार्यान्वित झाले. सुमारे १७२ मीटर परिघाच्या नळीत इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवून त्यांच्यापासून प्रखर क्ष-किरण मिळवावयाचे, हे त्याचे कार्य. या यंत्राच्या नियंत्रणव्यवस्थेची उभारणी मोटोरोला कंपनीच्या ६८००० कुलातील प्रक्रियकांवर झाली. या कुलाचा एक कडक नियम आहे. प्रत्येक आज्ञा सम पत्त्यावरच सुरू झाली पाहिजे.

आता असे समजा की, प्रोग्रॅममध्ये १००० या पत्त्यापासून ‘रेडी’ हा इंग्रजी शब्द ठेवला आहे. त्याची रोमन अक्षरे पाच. म्हणून तो १००४ पर्यंतचे कप्पे व्यापतो. पुढील आज्ञा त्याला चिकटून मांडली, तर ती १००५ या विषम पत्त्यावर येईल. तेथे वळण्याची वेळ येताच प्रक्रियक ती आज्ञा वाचावयाचेच नाकारतो आणि पत्ता चुकल्याची वर्दी देऊन चालू काम सोडतो. असेम्ब्लरने एक कोरा बाइट घालून आज्ञा १००६ वर नेली, की सर्व सुरळीत होते. ज्या व्यवस्थेवर शेकडो चुंबकांचा व विद्युत्पुरवठ्याचा कारभार सोपवावयाचा, तिथे या एका बाइटाचे मोल निराळे सांगावयास नको.

घरांत व कचेऱ्यांत आढळणारे इंटेल पद्धतीचे प्रक्रियक इतके हट्टी नाहीत. त्यांच्या आज्ञा एकापासून पंधरा बाइटांपर्यंत कितीही लांब असतात आणि कोणत्याही पत्त्यावर सुरू होऊ शकतात. तेथे प्रश्न वेगाचा येतो. एखादी आज्ञामालिका लाखो वेळा पुन्हापुन्हा चालवावयाची असेल आणि तिचा आरंभ गठ्ठ्याच्या अगदी शेवटच्या कप्प्यावर पडला असेल, तर प्रत्येक फेरीला त्या एका कप्प्यासाठी एक जादा गठ्ठा उचलावा लागण्याचा संभव असतो. म्हणून जीसीसी हा प्रसिद्ध कंपायलर असेम्ब्लरला पुष्कळदा अशी सूचना देतो: सोळाच्या पटीतील पत्त्यापर्यंत सरक, पण त्यासाठी दहाहून अधिक बाइट खर्ची पडत असतील, तर आठच्या पटीवर समाधान मान.

ही भरती कशानेही करून चालत नाही, कारण यंत्राची वाट कधी कधी त्या भरतीतूनच जाते. म्हणून तेथे ‘काही करू नकोस’ अशी आज्ञा घालतात. ती एका बाइटाची असते. परंतु अशा नऊ आज्ञा ओळीने घातल्या, तर त्या नऊही वाचण्यात वेळ जातो. यासाठी नऊ बाइट लांबीची एकच निष्क्रिय आज्ञाही वापरता येते.

२०१९ च्या नोव्हेंबरात या कलेचा वेगळाच उपयोग झाला. इंटेलने जाहीर केले की, आपल्या काही प्रक्रियकांत एखादी उडीची आज्ञा ६४ बाइटांच्या सीमेवर पडली, तर विशिष्ट परिस्थितीत यंत्राचे वर्तन अनिश्चित होऊ शकते. प्रक्रियकाच्या अंतर्गत आज्ञावलीत दुरुस्ती करून हा दोष टाळण्यात आला, पण अशा ठिकाणी वेग मात्र घटला. तेव्हा असेम्ब्लर लिहिणाऱ्यांनी आधीच्या आज्ञांनाच अर्थ न बदलणारे जादा बाइट जोडून उडी सीमेपासून दूर सारण्याची सोय केली. जुळारी शब्दांमधील अंतर किंचित वाढवून शेवटचा शब्द पुढच्या ओळीत ढकलतो, त्यातलाच हा प्रकार.

मात्र कोरे खिळे फार झाले तर पान वाढते. प्रोग्रॅम फुगला की प्रक्रियकाजवळच्या लहानशा शीघ्र स्मृतीत त्याचा कमी भाग मावतो, आणि वाचवलेला वेळ दुसरीकडे खर्ची पडतो. शिवाय वरच्या भागात एक ओळ वाढवली, तरी खालच्या आज्ञांचे पत्ते सरकतात आणि ज्या भागाला कोणी हातही लावला नाही तोच मंद किंवा जलद होतो. म्हणून आपल्या सुधारणेने प्रोग्रॅमचा वेग वाढला असे म्हणण्यापूर्वी, तो सुधारणेने वाढला की केवळ जागा सरकल्याने, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते. कोरा खिळा कोठे घालावा याइतकेच तो कोठे घालू नये, हेही चांगल्या जुळाऱ्याला ठाऊक असावे लागते.